बसण्याचा कौल

माझ्या वडिलांनी एकच गडगा चार वेळा बांधायला घेतला. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून घातलेलं कुंपण. त्यात ना माती, ना सिमेंट. आमच्या घरामागच्या भाताच्या वाफ्यांपासून आंब्याच्या दोन झाडांपर्यंत तो जातो. लांबी असेल शंभरेक पावलं. पहिल्यांदा बांधला तेव्हा त्याची गरज होती, कारण शेजारची गुरं शिरत. दुसऱ्यांदा बांधला तेव्हा एका बाजूला त्याचं पोट सुटलंय असं त्यांचं म्हणणं पडलं. तिसऱ्यांदा कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही. चौथ्यांदा त्यांनी चांगला उभा गडगा धोंडा धोंडा करून उतरवला, दगड आकाराप्रमाणे अंगणात लावले आणि पुन्हा रचायला घेतला. तेव्हा वाडीतली माणसं उघड म्हणायला लागली, की म्हाताऱ्याला धोंड्यांनी झपाटलंय.

त्यांना त्या गडग्यावरून उठवून बाकड्यावर बसवलं ते मी. कसं बसवलं हे दोनच माणसांना माहीत आहे, एक मी आणि दुसरा आमच्या गावदेवीचा गुरव, असं मी पुष्कळ दिवस समजत होते.

आमचं गाव मंडणगडपासून आत, डोंगरात. वडील मुंबईला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते, पस्तीस वर्षं. आई गावाला, सासूसासऱ्यांपाशी, भातशेतीत. मी त्यांची एकुलती एक. वडील वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. आले की पिशवी ओटीवर ठेवायची, पाय धुवायचे आणि शिडी लावून कौलं चाळायला छपरावर चढायचं, हा त्यांचा क्रम. आई चहा घेऊन शिडीखाली उभी. ते दोन पायऱ्या उतरायचे, कप हातात घ्यायचे आणि उभ्यानेच संपवायचे.

"बसा ना जरा," आई म्हणायची.

"रिटायर झालो का बसाचाच हाय," ते म्हणायचे. पस्तीस वर्षं हे एकच उत्तर. आईने ते खरं मानलं. ते निवृत्त व्हायच्या वर्षी परसातला फणस वाऱ्याने पडला, तेव्हा तिने सुतार बोलावून त्याचा बाकडा करून घेतला. सुताराने लांबी विचारली तर ती म्हणाली, दोघांना पुरेल एवढा. तो बाकडा पडवीत ठेवला, समोर अंगण, अंगणापलीकडे उतार. आईला आयुष्यात फार काही नको होतं. संध्याकाळी त्या बाकड्यावर दोघांनी बसून चहा प्यायचा, एवढंच तिचं मागणं. मी तेव्हा परदेशात होते आणि फोनवर तिने मला त्या बाकड्याचं इतकं कौतुक सांगितलं, की मला वाटलं घरात काही मोठी वस्तू आली.

वडील आले. दोन दिवस बाकड्यावर बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना गडगा दिसला.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी परिचारिका. आता रत्नागिरीत एका खासगी इस्पितळात इनचार्ज आहे. त्याआधी नऊ वर्षं आखातात काढली. तिथे वॉर्डात जगभरची माणसं. माझ्याबरोबर खोलीत राहणारी फिलिपिन्सची सिस्टर लागोपाठ दोन दोन ड्युट्या करायची. हक्काच्या सुट्टीला खोलीतल्या लाद्यांच्या फटी जुन्या टूथब्रशने घासत बसायची. मी एकदा ओरडले, अगं बाई, झोप. तर म्हणाली, सुट्टीच्या दिवशी झोपले आणि आईचा फोन आला तर आवाजावरून तिला कळतं, मग ती विचारते, तुझी नोकरी आहे ना? सात माणसं तिच्या जिवावर जेवत होती. एक जपानी इंजिनिअर छातीत दुखतंय म्हणून दाखल झाला. शुद्धीवर आल्या आल्या त्याने खुणेने लॅपटॉप मागितला. दुभाष्याने सांगितलं, त्याला दुखण्याची भीती नाही, त्याचं काम आज दुसऱ्यांना करावं लागतंय याची लाज वाटतेय. आणि आमचा इंग्रज डॉक्टर ड्युटी संपली तरी वॉर्डात घुटमळायचा, नर्सांच्या फायली सरळ लावायचा. त्याची बायको सोडून गेली होती. घरी गेलो की काय करायचं ते सुचत नाही, असं तो सरळ म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं, कारण इतकं सरळ कोणी बोलत नाही.

म्हणजे आजार मी चांगला ओळखत होते. दारूड्याला कोणी दारूबद्दल हार घालत नाही. कामाच्या दारूड्याला मात्र निरोप समारंभात शाल आणि नारळ देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात तेव्हा कोणी बघायला येत नाही. हे मी तेव्हा मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगायची. नऊ वर्षांत मी स्वतः दोनदाच घरी आले होते. लग्नाचं कोणी विचारलं तर वेळ नाही म्हणायची. त्याला मी निष्ठा म्हणत होते.

वडील माझ्याशी फोनवर फार बोलत नसत. "आज काय केलास?" हा त्यांचा पहिला प्रश्न. जेवलीस का, बरी आहेस का, हे आईकडे. मी सांगायची, आज अमुक इतके पेशंट, तमुक ऑपरेशन. ते "हां" म्हणायचे आणि त्या "हां"वर माझा दिवस साजरा व्हायचा. खोटं कशाला बोलू, आजही कोणी तसं "हां" म्हटलं तर मला बरं वाटतं.

मी आखातातून परत आले, रत्नागिरीत नोकरी धरली, त्यानंतर तिसऱ्या वर्षी वडिलांना झटका आला. सकाळची वेळ होती. चौथ्या गडग्याचं काम अर्ध्यावर होतं. आई विहिरीवर होती. तिने वर पाहिलं तर वडील दगडांत बसलेले दिसले. ती मला पुढे म्हणाली, "ते बसलेत म्हटल्यावर मी कळशी टाकून धावले." गडग्यावर त्यांना कोणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून जीव वाचला. आधी दापोलीला नेलं, मग मी त्यांना आमच्याच इस्पितळात आणलं. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हृदयाची ताकद निम्म्यावर आलीय. तीन महिने जड काम अजिबात नाही, रोज थोडं चालायचं, मग बघू.

घरी गेल्यावर आठव्या दिवशी आईचा फोन. "तू ये बाय. ते परत धोंडे उचलतायत."

मी गेले. पाच तासांची एसटी, माझं डोकं आधीच तापलेलं. आईने पहार आणि घमेलं भाताच्या कणगीमागे लपवलं होतं, तर हे नुसत्या हातांनी दगड लावत होते. मी ओरडले. वॉर्डात ओरडते तशी ओरडले. त्यांनी एक धोंडा दोन्ही हातांनी धरला, छातीशी घेतला आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, "ह्यो हलका हाय गो."

"तुमच्या छातीत जाळी बसवलीय, बाबा!"

"मग आता मजबूत झाली ना छाती."

आई पडवीत उभी राहून रडत होती. मला तिचा आणि त्यांचा दोघांचाही राग आला, आणि सर्वांत जास्त राग आला तो माझा धाक इथे चालत नाही याचा.

माझे वडील डॉक्टरला मानत नव्हते, बायकोला मानत नव्हते, मुलीला तर नाहीच. फक्त एका गोष्टीला मानत. आमच्याकडे सोमवारी मोडा असतो. मोडा म्हणजे गावाने पाळायचा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी औत धरायचं नाही, कोयती उचलायची नाही, जमिनीला लोखंड लावायचं नाही. देवीचा नेम आहे, मोडला तर गावावर संकट. वडिलांनी मोडा कधी मोडला नाही. सोमवार त्यांना खायला उठायचा. ते सकाळपासून नखं कापत, छत्री उघडून मिटून बघत, गडग्यापर्यंत जाऊन मागे हात बांधून त्याच्याकडे बघत राहत. पण दगडाला हात म्हणून लावत नसत. चिडलेल्या डोक्याला मग ही कल्पना सुचली. वडिलांना सातही दिवस मोडा लावायचा.

दुपारी मी देवळात गेले. गुरव वडिलांच्याच वयाचा, मी लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून पालखी पाहिलेली. आमच्याकडे घरात काही अडलं की देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फूल किती ओलं करायचं आणि किती दाबायचं हे गुरवाच्या बोटांना माहीत असतं. ते कोणी बोलत नाही. मी बोलले.

तो बराच वेळ समईची वात सारखी करत राहिला. "देवीच्या तोंडून खोटा बोलवाचा व्हय?"

"ते मरतील, काका," मी म्हटलं. "मी रोज असे मरताना बघते."

"फुला मी लावीन," तो शेवटी म्हणाला. "पण गाऱ्हाणा तू घालाचा. शबूद तुजा."

दुसऱ्या दिवशी वडिलांना नेलं. त्यांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता, टोपी घातली होती. आई मागे खांबाला टेकून उभी होती. मी हात जोडून मोठ्याने म्हणाले, "बाय देवी, हे तुझं लेकरू आयुष्यभर राबलंय. आता ह्याच्या हातातलं काम तू काढून घे. ह्याला बसव. तुझी तशी इच्छा असेल तर उजवं दे." माझे शब्द मला आवडलेसुद्धा. उजवं फूल लगेच पडलं.

मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. देवीनेच बस म्हटल्यावर बसण्यात कमीपणा कसला? ते खाली पडलेल्या फुलाकडे बघत राहिले. कामावरून कमी केलेल्यांची यादी लागते आणि माणूस आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचतो, तसे. मग त्यांनी गुरवाला विचारलं, "माजा काय चुकला?"

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी देवळाबाहेर काढलेल्या चपला शोधत होते.

त्या दिवसापासून ते बसले. आईच्या बाकड्यावर, डाव्या बाजूला. पहिल्या आठवड्यात आईचे फोन काय आनंदाचे. आज दोघांनी बसून चहा घेतला. आज त्यांनी दुसऱ्यांदा मागितला. मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं, औषध बरोबर लागू पडलं. कुठलं औषध ते सांगितलं नाही.

मग फोन बदलले. ते पाणीसुद्धा स्वतः घेत नाहीत, आई म्हणाली. काडी मोडत नाहीत. ती शेंगा सोलायला बसली तर त्यांचे हात आपसूक टोपलीकडे जात आणि ते हात मागे ओढून मांडीखाली घालत. चालायला जा म्हटलं तर म्हणत, देवीने बस म्हटलंय, चाल नाही म्हटलं. अंगणात कोंबडी आली तर हुसकवायचीही त्यांना भीती. बुरोंडीची मासेवाली दारात आली, तिने थट्टेने विचारलं, "काय नाना, गडगा रुसला काय तुमच्यावर?" तर ते उठून आत गेले आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

दीड महिन्याने मी गेले, एका दिवसासाठी. ते बाकड्यावर बसले होते, हात मांडीवर पालथे. मी शेजारी बसले. आई आत होती. त्यांनी आपण होऊन बोलायला सुरुवात केली, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

मी पाच वर्षांची असताना त्यांचा कारखाना दीड वर्ष बंद होता. तेव्हा ते गावी येऊन राहिले होते. मला आठवत नव्हतं. ते म्हणाले, त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रोज जेवायला बसताना यांच्या हातांकडे बघायचे. ताटाकडे नाही, तोंडाकडे नाही, हातांकडे. आणि विचारायचे, आज काय केलास? शेतात काम असेल तेव्हा सांगायला काही असायचं. नसेल तेव्हा बाबा सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या कातळावर, जायचे आणि जांभ्याचे धोंडे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेऊन रचायचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्या जागी. संध्याकाळी सांगायला उत्तर हवं म्हणून.

"मग ते काय म्हणायचे?" मी विचारलं.

"हां म्हणायचे," वडील म्हणाले. "तेवडा ऐकला का भात गिळवायचा."

फिलिपिन्सची ती पोर, तो जपानी, तो डॉक्टर, सगळे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि पहिल्यांदाच मी मला त्यांच्यात उभी दिसले. सगळ्यांना कोणीतरी काहीतरी विचारत होतं. माझे वडील तर आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी त्यांना रोज उत्तर देत होते, आणि मी ते उत्तर त्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं, की बाबा, तो कौल देवीचा नाही, माझा. मी घड्याळ पाहिलं. चारची एसटी होती. निघताना त्यांच्या पायांवर मोज्याच्या कडेचा खोल वळ दिसला. पाय सुजले होते. एक नर्स म्हणून मला तिथेच थांबायला हवं होतं. मी मीठ कमी करायला सांगितलं, एक गोळी वाढवली आणि निघाले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्युटी होती.

तीन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, हलकी कामं करू देत, अशाने ते खचतील. मी फोनवर वडिलांना सांगितलं, परवानगी मिळाली.

"देवीनं कुठं दिलीन?" ते म्हणाले.

मी गुरवाला फोन केला. म्हटलं, दुसरा कौल लावा, त्यांना मोकळं करा. तो म्हणाला, "बाय, तू मुदत मागितली नव्हतीस."

मी रोज शंभर औषधांवर लिहिते, किती दिवस, दिवसातून किती वेळा. त्याशिवाय एक गोळी माझ्या हातून जात नाही. आणि देवीपुढे उभं राहून मी मुदत घालायला विसरले होते. तीन महिने, एवढे दोन शब्द. ते म्हटले असते तर बाबा बोटांवर दिवस मोजत बसले असते आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी पहाट उजाडताच गडग्यावर असते.

"ज्येनं गाऱ्हाणा घातला त्येनंच सोडवाचा असतो," गुरव म्हणाला. "तू ये. मी फुला लावतो. पन तू ये."

मी येते म्हणाले. पहिल्यांदा ठरलं तेव्हा दोन सिस्टर एकदम रजेवर गेल्या. दुसऱ्यांदा इस्पितळाची तपासणी होती. तिसऱ्यांदा मी स्टँडवर जाऊन पोचले होते, मंडणगडची गाडी लागलेली होती, मला खिडकीची जागासुद्धा मिळाली होती. अतिदक्षता विभागातून फोन आला, अडचण आहे, येता का. कोणी मला ये म्हणून हुकूम केला नव्हता. येता का, एवढंच विचारलं होतं. मी गाडीतून उतरले. खरं सांगते, उतरताना मला बरं वाटलं. कोणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं. तिथे पोचले तोवर ती अडचण दुसऱ्या सिस्टरने सोडवली होती. मी तरीही संध्याकाळपर्यंत थांबले.

त्यानंतर नवव्या दिवशी, गुरुवारी, दुपारचा चहा आणायला आई आत गेली आणि कप घेऊन बाहेर आली तेव्हा वडील बाकड्यावर गेलेले होते. बसल्या जागी. हात मांडीखाली. आमचे डॉक्टर म्हणाले, इतकं कमजोर हृदय, कधीही झालं असतं. ते मला धीर देत होते. मी त्यांना म्हटलं, मला पेशंटच्या नातेवाइकासारखं समजावू नका.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवले. चुलत काकांनी सगळं केलं. भात मांडला, सगळे मागे सरलो आणि पलीकडच्या उंबरावरच्या कावळ्यांकडे बघत उभे राहिलो. कावळे होते, सात-आठ तरी. एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आमच्याकडे मानतात. मग त्याला शब्द द्यायचा असतो. काका पुढे झाले, म्हणाले, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही. काही नाही. वाडीतला एक जण म्हणाला, नाना, तुमचा गडगा आम्ही पुरा करतो. एक कावळा फांदीवरून फांदीवर गेला, तेवढंच. ऊन चढत होतं. लोकांना घरची कामं होती, कोणी घड्याळ बघत होतं. काकांनी मला पुढे ढकललं. मी म्हणाले, आईला मी माझ्याकडे रत्नागिरीला नेईन. बोलताना मलाच माहीत होतं की माझ्या खोलीत ती दिवसभर एकटी बसेल. कावळ्यांना तर माहीत होतंच, असं म्हणू या.

गुरव गर्दीत होता. तो माझ्याकडे बघत होता. काय बोलायला हवं ते मला कळत होतं, एकच वाक्य होतं. चाळीस माणसं भोवती. मी तोंड उघडलं आणि पदराने नाक पुसलं.

तेवढ्यात माणसं बाजूला सरली. आई आली होती. आमच्याकडे दहाव्याला नवरा गेलेली बाई नदीवर येत नाही. ती घरून एकटी, अनवाणी चालत आली होती. कोणी काही बोलायच्या आत ती पिंडापाशी गेली, वाकली, आणि तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बरं वाटल्यावर हाक मारावी, तशा आवाजात म्हणाली, "अवो, उठा आता. देवीनं सोडला तुमाला. गडगा रायलाय, जावा, कामाला लागा."

कावळा आला. कशाने आला ते मी सांगू शकत नाही. भात निवला होता, गर्दी बाजूला सरली होती, एरवीही आला असता. पण जन्मभर ज्याला बस बस म्हणत आली, त्याला ती उठा म्हणाली, हे मी या कानांनी ऐकलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले. पिशवी भरून ओटीवर ठेवली. आई बाकड्यावर उजव्या बाजूला बसली होती, तिच्या जागेवर. डावी बाजू रिकामी. मी म्हटलं, आये, मला तुला एक सांगायचंय. तो कौल.

"तू लावला वतास," ती म्हणाली. "मना त्याच दिवशी कळला. देवी एवढ्या बिगीनं कदी बोलत नाय."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

तिने उताराकडे पाहिलं. तिथून अर्धा गडगा दिसतो, आणि उरलेले धोंडे अंगणात आकाराप्रमाणे लावलेले. "मना ते बसलेले हवे होते," ती म्हणाली. "रोज वाटायचा आज सांगू, उद्या सांगू. पन मंग ते उठले असते."

मग ती आत गेली आणि चहा घेऊन आली. दोन कप. सवयीने आणले असतील, किंवा माझ्यासाठीच आणले असतील, मी विचारलं नाही. तिने एक कप बाकड्याच्या डाव्या बाजूला ठेवला, फणसाच्या लाकडावर पदर फिरवून जागा पुसली आणि म्हणाली, "बस जरा."

"गाडी चारची आहे, आये," मी म्हटलं. कप उचलला आणि उभ्यानेच प्याले.